फॉल्ट सापडला का?

मंडळी, गेल्या आठवड्यातल्या वादळात आपल्याकडची लाईट गेली रात्री नऊला आणि आली दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. चौदा तास. या चौदा तासांत मी सबस्टेशनला सहा वेळा फोन केला आणि सहाही वेळा उत्तर एकच, "फॉल्ट सापडत नाही साहेब, पोरं लाईनवर आहेत." आमच्या मागच्या गल्लीत एका आजोबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. मशीनच्या बॅटरीनं मान टाकल्यावर सिलिंडर मिळवेपर्यंत घरच्यांची पहाट झाली. आजोबा ठीक आहेत आता. पण त्या रात्री गल्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, फॉल्ट सापडला का?

उजाडल्यावर मी लाईनवर गेलो. दोन वायरमन, एक मोटरसायकल, एक बॅटरी आणि गुडघ्यापर्यंत चिखल. पद्धत विचारली, तर म्हणाले, "अर्धी लाईन तोडायची, चालू करून बघायचं. इकडची उभी राहिली तर फॉल्ट तिकडं. मग तिकडची अर्धी तोडायची. ट्रायल घेत घेत जायचं." शेवटी सापडला तो एक तडा गेलेला इन्सुलेटर. खालून बघितलं तर धडधाकट. तड्यात पाणी शिरलं की त्यातून वीज खांबावर उतरायची आणि लाईन पडायची. बदलायला पाऊण तास लागला. बाकीचे सव्वातेरा तास शोधण्यात गेले.

फेसबुकवर लोकांनी वायरमनला शिव्या घातल्या, त्या मला पटल्या नाहीत. म्हणून म्हटलं, हा शोधण्याचा धंदा जगात कुठून सुरू झाला आणि कुठवर आलाय, ते एकदा नीट लिहावं. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात विजेच्या तारेपासून होत नाही, ती होते तारायंत्रापासून. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली केबल पडली. व्हिक्टोरिया राणीनं अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला, तो पोचायला १६ तास लागले. तरीही लोकांनी दिवाळी केली. आणि काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. प्रमुख विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशानं डॉक्टर. संदेश जोरात जावा म्हणून त्यानं केबलला सुमारे दोन हजार व्होल्टचा मारा दिला. आधीच कच्ची असलेली केबल त्यात गेली.

आता प्रश्न बघा. समुद्राच्या तळाशी, मैल-मैल खोल पाण्यात दोष आहे. तिथे कोण बॅटरी घेऊन जाणार? म्हणून विल्यम थॉमसन (हाच पुढचा लॉर्ड केल्विन) आणि क्रॉमवेल व्हार्ली यांच्यासारखी माणसं किनाऱ्यावर बसून हिशेब करू लागली. कल्पना साधी आहे. तांब्याच्या तारेचा दर मैलाला ठरावीक रोध असतो. किनाऱ्यावरून वीज सोडली, ती दोषापाशी समुद्रात उतरली, तर जो रोध मोजला जाईल तो तेवढ्या मैलांचाच. रोध भागिले दर मैलाचा रोध, झालं अंतर. प्रत्यक्षात दोषाच्या जागेचाही रोध त्यात मिसळतो आणि तो किती ते माहीत नसतं. ही मिसळ पुढची सव्वाशे वर्षं इंजिनिअरांना छळणार होती, हे लक्षात ठेवा. व्हार्लीनं आणि मरे नावाच्या दुसऱ्या एकानं त्यावर उपाय काढला. शेजारची चांगली तार दुसऱ्या टोकाला जोडून वेढा करायचा आणि व्हीटस्टनच्या तराजूसारख्या उपकरणावर दोन्ही बाजू तोलायच्या. या दोन्ही चाचण्या आजही केबलवाल्यांच्या पुस्तकात त्यांच्याच नावानं आहेत.

आपला संबंधही जवळचा आहे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजानं मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली. कापसाचे भाव त्या तारेवरून यायला लागले. ती तुटली की व्यापाऱ्यांचा जीव टांगणीला, आणि म्हणून दोष शोधणाऱ्याला भाव.

याच काळात डेन्मार्क-इंग्लंड केबलवर एक पोरगा नोकरीला होता. ऑलिव्हर हेव्हिसाइड. जन्म १८५०, घरची गरिबी, लहानपणी स्कार्लेट फिव्हरनं कान अधू झालेले, सोळाव्या वर्षी शाळा सुटली. कॉलेजचं तोंड बघितलं नाही. व्हीटस्टन त्याच्या मावशीचा नवरा, त्या ओळखीनं तारखात्यात चिकटला. केबल बिघडली की किनाऱ्यावर बसून मोजमापं घ्यायची आणि दोष कुठे ते काढायचं, हे त्याच्या रोजच्या कामात होतं. चोविसाव्या वर्षी, १८७४ मध्ये, नोकरी सोडून घरी बसला तो परत कुठे नोकरीला लागलाच नाही. आईवडिलांच्या घरात खोलीत कोंडून घेऊन गणित करत राहिला. आपल्याकडे असतं तर सगळ्या नातेवाइकांनी मिळून त्याला स्पर्धा परीक्षेला बसवला असता.

त्या खोलीतून जे निघालं त्यावर आजची सगळी लाईन उभी आहे. तारेतून वीज नळातल्या पाण्यासारखी नुसती सरकत नाही, ती लाटेसारखी धावते, हे त्यानं समीकरणात बसवलं. लाट पुढे जाते, वाटेत काही बदललं की तिचा काही भाग मागे फिरतो, काही पुढे जातो. विहिरीत दगड टाकल्यावर तरंग कठड्याला आपटून परत येतात, तसंच. तारेवर कुठे दोष असेल तर तो या तरंगांसाठी कठडाच. फक्त हे तरंग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर पळतात, आणि हेव्हिसाइडच्या काळात तेवढं झटपट बघणारं यंत्र कोणाकडेच नव्हतं.

मग आल्या वीजवाहिन्या. आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून घाट उतारावरची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत गेली, तेव्हापासून हा विषय आपलाही झाला. उंच टॉवर, डोंगर, जंगल, नद्या. आणि तारवाल्यांची पद्धत इथे थेट चालत नव्हती. केबलचा दोष तिथेच पडून राहतो, सावकाश मोजता येतो. वीजवाहिनीवर दोष झाला की लाईन ताबडतोब तोडावी लागते, नाहीतर सगळं जळून जाईल. मोठ्या वाहिन्यांवर हे काम सेकंदाच्या दहाव्या भागात होतं. पुष्कळदा लाईन तोडल्यावर दोषही गायब! वीज कडाडली, इन्सुलेटरवरून ठिणगी गेली, लाईन पडली, परत चालू केली तर व्यवस्थित. पक्षी, पतंगाचा मांजा, वाऱ्यानं हललेली फांदी, सगळं तसंच. माणूस तिथे पोचेपर्यंत काळा पडलेला डाग सोडून काही नसतं. तो डाग सापडला नाही तर पुढच्या पावसात तीच लाईन पुन्हा पडते. म्हणजे जे काही कळायचं, ते त्या दहाव्या भागात तारेनं जे सांगितलं त्यातूनच कळणार. ऐकणारा हवा.

ऐकण्याच्या दोन रीती निघाल्या. पहिली तारवाल्यांचीच, नव्या कपड्यात. दोषाच्या क्षणी सबस्टेशनवरचं व्होल्टेज आणि करंट टिपून घ्यायचा, एकाला दुसऱ्यानं भागायचं, आणि तारेच्या दर किलोमीटरच्या हिशेबानं अंतर काढायचं. पण ती जुनी मिसळ इथेही आली. झाडातून किंवा कोरड्या जमिनीतून वीज उतरत असेल तर तिथला रोध हिशेबात घुसतो. शिवाय मोठी लाईन दोन्हीकडून जोडलेली, दुसऱ्या टोकाकडूनही दोषाला करंट मिळत असतो, आणि तो आपल्या टोकाला दिसत नाही. १९८२ मध्ये जपानच्या ताकागी आणि सहकाऱ्यांनी यावर एक सुरेख तोड काढली. दोषाच्या आधी जो करंट चालू होता तो दोषानंतरच्या करंटमधून वजा करा. उरेल ते दोषानं घातलेलं. त्याच्या आधारे दोषाच्या रोधाचा गोंधळ बराच बाजूला काढता येतो. दोन वर्षांनी अमेरिकेत एडमंड श्वाइट्झर यानं, ज्यानं आपली कंपनी घराच्या तळघरात सुरू केली होती, असा डिजिटल रिले बाजारात आणला की जो लाईन तोडायचाही आणि दोष किती अंतरावर आहे तेही सांगायचा. तोवर ही दोन वेगळी कामं होती.

तरी चूक राहतेच. दोनेक टक्क्यांची चूक म्हणजे २०० किलोमीटरच्या लाईनवर ४ किलोमीटर. डोंगरात ४ किलोमीटर म्हणजे एक दिवस.

दुसरी रीत हेव्हिसाइडच्या तरंगांची. दोष झाला की त्या जागी व्होल्टेज एकदम कोसळतं आणि त्या धक्क्याची लाट दोन्ही दिशांना धावत सुटते. समजा दोन गावांच्या मध्ये कुठेतरी खाणीत सुरुंग उडाला. या गावात आवाज किती वाजता आला, त्या गावात किती वाजता, दोन्ही घड्याळं तंतोतंत जुळलेली असतील तर खाण कुठे आहे ते घरबसल्या सांगता येईल. सुरुंग नेमका कधी उडाला ते माहीत असायचीही गरज नाही. तारेचं असंच, पण आवाजाऐवजी प्रकाशाच्या जवळपासचा वेग. एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, लाट ३०० मीटर जाते.

दुसऱ्या महायुद्धानं रडार दिलं, आणि रडारच्या लोकांना तारेवरचा प्रतिध्वनी ऐकणं अवघड नव्हतं. अमेरिकेच्या वायव्येकडे बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी वीजसंस्थेनं १९४० आणि ५० च्या दशकांत या तरंगांवर बरंच काम केलं. अडलं कुठे? घड्याळापाशी. शेकडो किलोमीटर लांबच्या दोन सबस्टेशनांची घड्याळं मायक्रोसेकंदात जुळवायची म्हणजे खास मायक्रोवेव्ह यंत्रणा उभारा, ती सांभाळा, मोठ्या खर्चाचं काम. म्हणून ही रीत बराच काळ मोजक्या ठिकाणीच राहिली.

घड्याळ शेवटी आकाशातून मिळालं. अमेरिकी लष्करानं जीपीएसचे उपग्रह सोडले ते जागा कळण्यासाठी, पण त्यांच्या पोटात अणुघड्याळं आहेत. छतावर एक अँटेना लावली की जगात कुठेही मायक्रोसेकंदापेक्षा बारीक वेळ फुकट. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची वीजसंस्था बीसी हायड्रो हिनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे करून दाखवलं. तिच्या वाहिन्या डोंगर आणि जंगलातून जातात, हिवाळ्यात तिथे माणूस पाठवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. चाचण्यांत दोषाची जागा साधारण ३०० मीटरच्या आत येऊ लागली, म्हणजे दोन टॉवरांमधल्या एका गाळ्याइतकी. गाडी कुठे थांबवायची ते निघण्याआधीच माहीत.

याच आकाशातल्या घड्याळावर एका मराठी आडनावाच्या माणसाचं मोठं काम उभं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अरुण फडके. जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण आयआयटी खरगपूर आणि मग अमेरिका. १९६५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कसकट अमेरिकेचा ईशान्य भाग अंधारात गेला होता, त्यानंतर तिथे वीजजाळ्यात संगणक वापरण्याचा विचार जोरात सुरू झाला. फडके त्या पिढीतले. १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये त्यांनी आणि जेम्स थॉर्प यांनी असं यंत्र बनवलं की जे दूरदूरच्या सबस्टेशनांवरचं व्होल्टेज-करंट एकाच घड्याळावर मोजतं. २००८ मध्ये दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. आज आपल्या देशाच्या ग्रीडवरही ही यंत्रं आहेत. आपल्या किती पेपरांत त्यांच्यावर दोन ओळी आल्या असतील, मला शंका आहे. मीही याआधी लिहिलं नव्हतं.

एक अडचण अजून होती. लाट आली हे खरं, पण नेमकी कोणत्या क्षणी? टिपलेल्या आलेखात ५० चक्रांची नेहमीची वीज असते, खरखर असते, आणि त्यात ती लाट म्हणजे एक बारीकसा कोपरा. फूरियेचं गणित सूर कोणते आहेत ते सांगतं, कधी वाजले ते सांगत नाही. भजनात टाळ आहे हे कळलं, पण टाळ नेमका कधी पडला ते कळत नाही, असं काहीसं. त्याचं उत्तर आलं तेलाच्या शोधातून. फ्रान्सचा झाँ मोर्ले जमिनीत हादरे सोडून परत येणाऱ्या लाटांवरून तेल शोधायचा. त्याला सूर आणि वेळ दोन्ही हवे होते, म्हणून १९८० च्या सुमारास त्यानं 'वेव्हलेट' म्हणजे छोट्या छोट्या लाटांचं गणित काढलं. १९९८ मध्ये मॅग्नागो आणि अबुर या दोघांनी ते वीजवाहिनीच्या दोषाला लावलं आणि तो बारीक कोपरा आलेखात ठळक उठून दिसायला लागला.

त्यांना आणखी एका जुन्या कामाची मदत झाली. तीन तारा शेजारी शेजारी असल्या की एकीवरची लाट दुसरीवरही उमटते आणि गुंता होतो. तो सोडवायची रीत एडिथ क्लार्क या बाईंच्या नावानं ओळखली जाते. १९१९ मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरी इंजिनिअर म्हणून कोणी नोकरी देईना, म्हणून जनरल इलेक्ट्रिकमध्ये आकडेमोड करणाऱ्या मुलींवर देखरेखीचं काम केलं. इंजिनिअरची खुर्ची मिळायला १९२२ उजाडलं.

आता आपल्या राज्यात या. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत डीसी विजेची एक वाहिनी जाते, १९९९ मध्ये सुरू झाली. ५०० हजार व्होल्ट, लांबी ७५२ किलोमीटर, विदर्भाचा कोळसा जाळून केलेली वीज मुंबईकडे नेते. अशा लांब डीसी वाहिन्यांवर दोन्ही टोकांना तरंग ऐकण्याची सोय ठेवायची जगभर रीत आहे. कागदावर हिशेब करून बघू. समजा चंद्रपूरपासून २०० किलोमीटरवर इन्सुलेटर फुटला. लाट चंद्रपूरला पोचेल ६६७ मायक्रोसेकंदांत, पडघ्याला १८४० मध्ये. फरक ११७३. या फरकात लाट जाते साधारण ३५२ किलोमीटर. ७५२ मधून ३५२ गेले, उरले ४००, त्याचे निम्मे २००. शाळेतलं गणित आहे. डोळ्याची पापणी लवायच्या आत तार राज्याच्या दोन टोकांना सांगून मोकळी होते की माझं इथे दुखतंय.

आणि आमच्या १८-२० किलोमीटरच्या फीडरवर दोन माणसं रात्रभर चिखलात.

हे मी वीज कंपनीतल्या एका ओळखीच्या इंजिनिअरसमोर बोललो, जरा तावातच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण तुमची लाईन ही लाईन नाहीच, झाड आहे." खरं आहे ते. मोठी वाहिनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ जाते. गावाकडच्या ११ हजार व्होल्टच्या फीडरला प्रत्येक वाडीला, प्रत्येक डीपीला फाटा फुटतो. प्रत्येक फाट्यावर लाट आपटते, फुटते, परत येते. ऐकणाऱ्याला शंभर प्रतिध्वनी येतात, त्यातला दोषाचा कोणता? अंतर काढलं तरी तेवढ्या अंतरावर चार वेगवेगळे फाटे असतात. जगभर यावर काम चालू आहे, पण चंद्रपूरची यंत्रणा उचलून आपल्याकडे लावा, इतकं ते सोपं नाही. हे मान्य केलं पाहिजे.

पण मग मी विचारलं, तरंग राहू द्या, साध्या डब्या का नाहीत? त्यांना फॉल्ट इंडिकेटर म्हणतात. तारेवर अडकवायची छोटी डबी, तिच्या खालून मोठा करंट गेला की तिचा दिवा लुकलुकतो. वायरमननं फाट्याशी उभं राहून बघायचं, दिवा कोणत्या बाजूला लागलाय. तिकडेच जायचं. अर्धी लाईन तोडून ट्रायल घेत बसायचं नाही. ट्रायल म्हणजे फॉल्टवर पुन्हा पुन्हा लाईन चालू करणं, त्यात ट्रान्सफॉर्मरही जातात आणि माणसंही धोक्यात येतात. यावर साहेब म्हणाले, "काही फीडरवर बसवल्यात."

केंद्राची २०२१ ची वीज वितरण सुधारणा योजना आहे, ३ लाख ३ हजार ७५८ कोटींची. तिच्यातला स्मार्ट मीटर सगळ्यांना माहीत आहे, कारण तो आपल्या भिंतीवर येतोय आणि त्यावरून गावोगाव भांडणं चालू आहेत. पण त्याच योजनेत लाईन आणि सबस्टेशन सुधारण्याचाही भाग आहे, त्यावर कोणी भांडताना दिसत नाही. काही जण म्हणतात, स्मार्ट मीटर वीज जाताच शेवटचा संदेश पाठवू शकतो, त्यावरून फॉल्ट कळेल. अर्धं खरं आहे. एखाद्या फाट्यावरचा फ्यूज उडाला किंवा तार तुटली तर कोणाकोणाची वीज गेली यावरून जागा कळेल. पण त्या रात्रीसारखा अख्खा फीडर सबस्टेशनातच पडला, तर सगळेच मीटर एकदम गेले म्हणतील. त्यातून इन्सुलेटर सापडणार नाही.

म्हणून परवा मी कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे. तीन गोष्टी विचारल्या आहेत. आपल्या तालुक्यातल्या कोणकोणत्या फीडरवर फॉल्ट इंडिकेटर बसवले, त्यातले आज किती चालू आहेत, आणि गेल्या वर्षभरात प्रत्येक फीडरवर फॉल्ट शोधायला किती वेळ गेला याची नोंद ठेवली जाते का. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर तुमच्या वाडीच्या फाट्यावर तारेला लटकणारी डबी दिसली, लुकलुकणारी किंवा मेलेली, तर खांबाचा नंबर दिसेल असा फोटो काढून कमेंटमध्ये टाका. खांबावर चढू नका.